फार्म.डी. (औषधशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम): सोप नोटमधलं (रुग्णाची तक्रार, तपासण्या, असेसमेंट आणि प्लॅन अशा चार भागांतली नोंद) असेसमेंट, म्हणजे मूल्यमापन, कसं शिकवावं?

प्रश्न: चौथ्या वर्षाची मुलं केसपेपरच उतरवून काढतात. असेसमेंटमध्ये फक्त 'मधुमेह, रक्तदाब'. काय करावं?

उत्तर १: निदान डॉक्टरांनी केलेलंच असतं, औषधाची अडचण शोधायची हे आधी ठसवा. एका अडचणीला एक वाक्य: औषध, पुरावा, धोका. 'मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) १००० मिग्रॅ दिवसातून दोनदा. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) २६, म्हणजे ३०च्या खाली, वर्ज्य. लॅक्टिक ॲसिडोसिसचा (रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा) धोका.' आकडा नसेल तर गुण देऊच नका.

उत्तर २: प्लॅनमध्ये नुसतं 'मॉनिटर करणे' दिसलं की नोट परत करा. काय, कधी, किती झाल्यावर काय? 'एनालाप्रिल (रक्तदाबाचं औषध) सुरू, रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १ ते २ आठवड्यांनी, पोटॅशियम ५.५च्या वर गेल्यास डॉक्टरांना लगेच कळवणे.'

उत्तर ३: 'गोळ्या नियमित घेतो' हेही चालवून घेऊ नका. गेल्या ७ दिवसांत किती चुकल्या, ते विचारून लिहायला लावा.