स्नॅपड्रॅगन ६२५ ते ६८५: वावरात वापरायच्या फोनची चिप खरंच सुधारली का?

धुऱ्यावरचा
तालुक्याच्या दुकानात आजही एकच सल्ला मिळतो, "सहाशेचा स्नॅपड्रॅगन हाय, बिनधास्त घ्या." स्नॅपड्रॅगन म्हणजे क्वालकॉम कंपनीची फोनची चिप, आणि सहाशे ही तिची मधल्या दर्जाची मालिका. माझं मत असं की या सहाशे मालिकेत खरी उडी एकदाच झाली, २०१६ मध्ये. पुढे बराच काळ आपल्याला फक्त वाढलेला आकडा विकला गेला.

६१५ आठवा. २८ नॅनोमीटर (चिपवरच्या ट्रान्झिस्टरची बारकाई सांगणारा आकडा), आठ कॉर्टेक्स-ए५३ कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, ए५३ हे त्यांच्या डिझाइनचं नाव), आणि मे महिन्यात हातात धरवत नाही इतका ताप. मग ६२५ आली. कोअर तेच आठ ए५३, पण २ गिगाहर्ट्‌झवर आणि १४ नॅनोमीटर फिनफेट (उभ्या पात्यासारख्या ट्रान्झिस्टरच्या) पद्धतीने बनवलेले. ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज कमी झाली, त्यामुळे फोन थंड आणि बॅटरी दोन-दोन दिवस. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत याचं मोल वेगळंच. फोनला पंखा नसतो, चिपची उष्णता मागच्या पाठीतून हवेतच जाते. हवा आधीच तापलेली असेल तर ती जाणार कुठे?

आता पुढचं बघा. ६६० चे मोठे कोअर २.२ गिगाहर्ट्‌झचे, नंतर आलेल्या ६६५ चे २ गिगाहर्ट्‌झचे. आकडा वर, वेग खाली. ६८० आली २०२१ मध्ये, ६८५ आली २०२३ मध्ये. दोन्हींचे मोठे कोअर ए७३ वर आधारलेले, म्हणजे एआरएम या चिप-डिझाइन कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केलेलं डिझाइन. ग्राफिक्स अ‍ॅड्रेनो ६१०, म्हणजे २०१९ च्या ६६५ मध्ये होतं तेच. शेतकरी कापसाच्या पैशातून फोन घेतो, त्याला हे कोणीतरी सांगायला नको का?

पऱ्हाटी
दादा, ६२५ चं कौतुक मान्य, पण निष्कर्ष पटला नाही. ६२५ थंड राहायची याचं अर्धं श्रेय १४ नॅनोमीटरचं, अर्धं ती कामच कमी करायची याचं. ए५३ हा सूचना ओळीने उरकणारा साधा कोअर. एक सूचना मेमरीसाठी अडली की मागची रांग थांबते. ए७३ मागच्या सूचना आधी उरकून घेतो. म्हणून तेच अ‍ॅप ६८५ वर निम्म्याहून कमी वेळात उघडलं तर नवल नाही.

आणि वावरात वेळ म्हणजे बॅटरी. ऊन डोक्यावर असताना स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवावी लागते, आणि साध्या कामात चिपपेक्षा स्क्रीनच जास्त वीज खाते. ई-पीक पाहणीचा फोटो काढताना कॅमेरा, जीपीएस आणि अ‍ॅप एकदम चालतात. चिप हळू असेल तर उन्हात उभं राहणंही वाढतं आणि स्क्रीनचा खर्चही.

जीपीएसचा मुद्दा तर तुम्ही सोडूनच दिला. जानेवारी २०२० मध्ये ७२०जी, ६६२ आणि ४६० या तीन चिपा नाविक या भारतीय उपग्रह-प्रणालीसह आल्या, एल५ या नव्या उपग्रह-लहरींवर. ६२५ च्या फोनला जुन्या एल१ वरच भागवावं लागायचं. झाडाला किंवा भिंतीला आपटून आलेला सिग्नल एल५ वर जास्त चांगला ओळखता येतो. धुऱ्यावर बाभळी असलेल्या गटात याचा फरक पडतो. मात्र फोन बनवणाऱ्याने त्या लहरीचा अँटेना बसवलेला हवा, नुसत्या चिपने होत नाही.

सर्किट_यवतमाळ
दोघंही नॅनोमीटर मोजताय. तो आकडा आता कारखान्याने ठेवलेलं नाव आहे, फूटपट्टीचं माप नाही. उदाहरण वरच्या मालिकेतलं देतो. ८ जेन १ ही चिप सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर, ८+ जेन १ टीएसएमसी या तैवानच्या चिप-कारखान्याच्या ४ नॅनोमीटरवर. कोअरची मांडणी तीच. तरी क्वालकॉमनेच दुसरीसाठी ३० टक्क्यांपर्यंत वीज बचतीचा दावा केला होता. त्याआधी २०१५ ची ८१० बघा, २० नॅनोमीटरवर चार ए५७ बसवले आणि ती तापण्यासाठीच गाजली.

मालिकेचा आकडा तर त्याहून फसवा. २०२१ च्या सुरुवातीची ४८० फाइव्हजी, नावाने "चारशे", पण तिच्यात दोन ए७६ (ए७३ च्या पुढचे) कोअर. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या "सहाशे ऐंशी"त ए७३. एकेका कोअरच्या कामात चारशेवाली पुढे. धुऱ्यावरचा यांचं दुकानदाराबद्दलचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

वर्धाकाठ
कोअरवर एवढा वाद, आणि खेड्यात ज्याने बॅटरी बसते त्या मॉडेमचं, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाचं, नाव नाही! टॉवर लांब असला की फोन आपली प्रक्षेपण शक्ती वाढवत नेतो, फोरजीमध्ये साधारण २०० मिलिवॅटपर्यंत. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. फोन खिशात नुसता असतानाही गरम लागतो तो बऱ्याचदा यामुळे.

दुसरं, फाइव्हजी लिहिलंय म्हणून फाइव्हजी मिळेलच असं नाही. २०२४ च्या शेवटी स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ वर रेडमी ए४ आला. त्यात फक्त एसए, म्हणजे स्वतंत्र फाइव्हजी. जिओचं जाळं तसं आहे, म्हणून तिथे चालतं. एअरटेलचं जाळं तेव्हा मुख्यतः एनएसए, म्हणजे फोरजीच्या आधाराने चालणारं, म्हणून त्या सिमवर तो फोन फोरजीवरच राहायचा. नवी चिप, ४ नॅनोमीटर, आणि सिम बदलल्याशिवाय उपयोग नाही. पेटीवर एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं बघूनच घ्या.

पऱ्हाटी
पण काऊन पाहिजे फाइव्हजी? हप्ता पाहणं, बाजारभाव, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, सगळं फोरजीवर होते. सेटिंगमध्ये "फोरजी पसंत" करून ठेवा. सिग्नल येतो-जातो अशा ठिकाणी मॉडेम सारखं दोन जाळ्यांत उड्या मारत नाही.

वर्धाकाठ
बंद ठेवायचं ते बंद ठेवा, पण विकत घेताना सोडू नका. जिओने २०२२ च्या लिलावात घेतलेला ७०० मेगाहर्ट्‌झ हा लांब पल्ल्याचा पट्टा आहे. टॉवरपासून दूरच्या वावरात ३३०० च्या पट्ट्यापेक्षा तोच पोचतो. त्यासाठी फोनमध्ये एन२८ बँड (फाइव्हजीतला ७०० चा पट्टा) हवा. बीएसएनएलचं सिम वापरत असाल तर फोरजीचा बँड २८ सुद्धा बघा, त्यांचं फोरजी ७०० आणि २१०० वर आहे. फोन चार-पाच वर्षं वापरायचा असतो.

धुऱ्यावरचा
एल५ आणि बँडचा मुद्दा मान्य, त्या बाबतीत सुधारणा झाली आहे. ए७३ बद्दल मत तेच, २०२३ मध्ये ते नवं म्हणून विकायला नको होतं. ६९५ आणि ४ जेन २ या चिपांमध्ये दोन ए७८ (आणखी नवे) कोअर आहेत, त्या किमतीच्या आसपास मिळत असतील तर ६८५ का घ्यावी याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

सर्किट_यवतमाळ
त्याचं उत्तर नाहीच, ए७८ घ्या. फक्त ६९५ वर फोरके व्हिडिओ होत नाही, १०८० पर्यंतच. आणि स्टोरेज यूएफएस (वेगवान) आहे की ईएमएमसी (हळू) ते विचारा. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी असेल तर चांगली चिपही अडखळते, कारण रॅम भरली की सगळा भार हळू स्टोरेजवर जातो.

दुकानातच तपासायचं तर सीपीयू-झेड हे अ‍ॅप टाका, कोअरची नावं आणि वेग दिसतात. मग १५ मिनिटं सलग व्हिडिओ काढा आणि लगेच तेच अ‍ॅप उघडा. मोठ्या कोअरचा वेग व्हिडिओआधी पोचायचा त्या आकड्याला पोचतच नसेल तर तो फोन दुकानाच्या सावलीतच दमतो, उन्हात त्याहून लवकर दमेल. कव्हर काढूनच ही चाचणी घ्या. आणि वावरातून आल्या आल्या गरम फोन चार्जिंगला लावू नका. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की बरेच फोन चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात, आणि लोक चार्जर बिघडला समजून नवा आणतात.