हळदीने अमायलिनच्या गुठळ्या थांबतील का?

सांगलीकर: घरचा हळदीचा धंदा आहे, त्यामुळे पक्षपाती म्हणा हवं तर. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनसोबत अमायलिन हे ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन सोडतात. टाइप-२ मधुमेहात त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पेशींच्याच मुळावर उठतात. ग्रीन टीतलं ईजीसीजी, ऑलिव्हमधलं ओल्युरोपीन, हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत त्यांना आवर घालतात. मग हळदीचं नाव काढलं की डॉक्टर हसतात कशाला?

बुरशीवाली: दादा, हसत नाही, पण खरी मेख परीक्षानळीतच आहे. गुठळ्या मोजायला थायोफ्लेविन-टी हा रंग वापरतात. गुठळीला चिकटला की तो चमकतो. कर्क्युमिन मुळात पिवळं, त्याच पट्ट्यातला प्रकाश गिळतं. चमक उतरली ती गुठळ्या घटल्या म्हणून, की हळदीने दिवाच झाकला? या एका प्रश्नापायी माझे सहा महिने गेलेत. शिवाय मोठ्या गुठळ्यांपेक्षा सुरुवातीचे छोटे पुंजके जास्त घातक मानतात. अर्ध्यावर अडवलं तर भलतंच व्हायचं.

सांगलीकर: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखालीही फरक दिसलाय की! आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा माग काढत गेलात तर गॅलेगा नावाच्या झाडपाल्यापाशीच पोचाल.

बुरशीवाली: पोचते ना. पण त्यातलं गॅलेजीन विषारी निघालं. मेटफॉर्मिन १९२२मध्ये प्रयोगशाळेत बनलं, मधुमेह्यांवर वापरल्याचा अहवाल १९५७चा. पाला उकळून कोणी पीत बसलं नाही. उंदराचंच बघा, त्याच्या अमायलिनमध्ये २५, २८, २९ या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, म्हणून गुठळ्या होत नाहीत. तीच युक्ती उचलून प्रॅमलिन्टाइड हे मधुमेहाचं औषध बनवलं, अमेरिकेत २००५मध्ये मंजूर झालं. (म्हणूनच ‘उंदरांवर गुण आला’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, माणसाचं जनुक घातलेला उंदीर होता का?)

निवृत्त_मास्तर: तुमचं चालू द्या. मला शेजाऱ्यांनी मिरीयुक्त हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्यात. घेऊ का?

बुरशीवाली: काका, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. मिरीतल्या पायपरीनमुळे कर्क्युमिन रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं, पण इतर काही औषधंही जास्त उतरतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदलेली आहेत. आमटीतल्या हळदीला माझी हरकत नाही.

सांगलीकर: हे मात्र मान्य. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. २ ग्रॅम पोटात जायला रोज जवळपास ६७ ग्रॅम हळद खावी लागेल. मास्तर, खायची असेल तर पोतं पाठवतो, उधारी नाही.