‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ : कमी खर्चात केला म्हणून गुण वाढवून द्यायचे का?

कृष्णाकाठ :
गेल्या रविवारी सांगलीत आमच्या मंडळाने ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा अमेरिकन भयपट दाखवला. १९६२ साली या चित्रपटाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही आणि १९८९ साली तो पुन्हा प्रदर्शित झाल्यावर समीक्षकांना त्यात एकाएकी कला दिसू लागली. संवाद ओठांशी जुळत नाहीत, दुय्यम नट पाठ केल्यासारखे बोलतात, शेवटाचा अंदाज सुरुवातीलाच येतो. बड्या निर्मात्याने हेच केले असते तर याच समीक्षकांनी त्याची सालटी काढली असती. सुमारे ३३,००० डॉलरमध्ये केला म्हणून गुण वाढवून द्यायचे, ही कुठली समीक्षा?

मिरजकर :
आपले लिखाण वाचून राहवले नाही. त्या रविवारी मीही सभागृहात होतो. कपड्यांच्या दुकानात नायिका मेरी नवा पोशाख घालून बाहेर येते, तेव्हा पडद्यावरचे सगळे आवाज नाहीसे होतात आणि विक्रेतीला ती दिसेनाशी होते. आपल्याकडे तेव्हा काय झाले? मागच्या रांगांतून ‘आवाज! आवाज!’ असा ओरडा झाला आणि ऑपरेटरने घाईघाईने आवाज वाढवला. पुढे बागेत पाखरू बोलते आणि तिचे जग परत येते. ती किलबिल कानठळ्या बसवत आली. दिग्दर्शकाने जपून राखलेली शांतता आपण बिघाड समजलो आणि त्याच अनुभवावर आपण निकाल देत आहात.

दुसरे, संगीत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाद्यदुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि संगीत नाटकांच्या पायपेट्या उघडून बसवण्यात माझे बालपण गेले. मेरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि चित्रपटभर तिच्या पाठीशीही ऑर्गनच वाजत राहतो, पण त्यात सूर कुठेच विसावत नाही. सरावाला बसलेली असताना हात जणू तिचे उरत नाहीत, ती भलतेच काही वाजवू लागते आणि पाद्री तिला तिथल्या तिथे कामावरून काढतो. हे स्वस्तातले काम नव्हे. दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी औद्योगिक आणि शैक्षणिक माहितीपट करत असे. सॉल्ट लेकजवळचे सॉल्टेअर नावाचे ओसाड पडलेले करमणूक केंद्र त्याच्या नजरेस पडले आणि त्यातून हा चित्रपट सुचला. चित्रीकरण त्याने तीन आठवड्यांत उरकले. समीक्षक उशिरा आले हे खरे, पण रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांनी तो आधीच जपून ठेवला होता.

वाईकर :
कमी खर्चाचे एवढे कौतुक ऐकून माझा संताप होतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे घाटावर एका लहान भयपटाचे चित्रीकरण झाले. ऐन थंडीत रात्रभर गुडघाभर पाण्यात उभे राहून मी प्रकाश परतवण्यासाठी थर्माकोल धरला होता. चित्रपट विकला की मानधन देऊ, असे सांगितले गेले. पुढे परीक्षणांत ‘चंद्रप्रकाशाचा नैसर्गिक वापर’ वाखाणला गेला आणि मला आजवर एक रुपयाही मिळालेला नाही. ज्याला आपण कमी बजेट म्हणतो, त्यातला मोठा भाग कोणाची तरी थकलेली मजुरी असते, हे एकही समीक्षक लिहीत नाही.

कृष्णाकाठ :
अगदी माझ्या मनातले बोललात.

मिरजकर :
वाईकर, तुमच्यावर अन्याय झाला आहे, पण त्याचा भार हार्वीच्या माथी मारू नका. त्याने गावातल्याच लोकांकडून भांडवल उभे केले.

वाईकर :
आणि त्या ३३,००० डॉलरमधले सगळे रोख होते का? काही देणी पुढे ढकललेली होती, हे तुम्हालाही माहीत असणार. चित्रपटाने तेव्हा काही कमावले नाही, मग ढकललेले पैसे कोणाचे बुडाले? तुम्हाला पायपेटीचा सूर ऐकू येतो, लाइटमनचे बोलणे मात्र ऐकू येत नाही.

मिरजकर :
हा वैयक्तिक आरोप मी मान्य करणार नाही. कारागिराची मजुरी थकते म्हणजे काय होते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. देणी ढकलली होती, हे मान्य. त्याने दुकानातल्या प्रसंगाची किंमत एका पैशानेही कमी होत नाही.

साताऱ्याची वाचक :
तुम्ही तिघेही पैशांवर भांडत आहात, म्हणून लिहिते. पती गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी नात्यातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. वाण देणारी बाई माझ्या डावीकडच्या बाईपर्यंत आली आणि मला वगळून उजवीकडच्या बाईपुढे वाकली. कोणी वाईट बोलले नाही. कोणी पाहिलेच नाही. मेरी त्या दुकानात विक्रेतीला हाका मारते, तेव्हा मला त्या पडद्यावर अमेरिका दिसत नव्हती. आणि तिच्यामागे लागलेला शेजारी, तिला भास होतात असे समजावणारा डॉक्टर, हे पुरुष पाठ केल्यासारखे बोलतात अशी तक्रार असेल, तर असे पुरुष पाठ केलेलेच बोलतात, एवढे मी अनुभवाने सांगते.

कृष्णाकाठ :
ताई, आपल्यापुढे वाद घालणे मला जड जाते. दुकानाचा प्रसंग मी सोडून देतो. तो चांगला आहे, असे हवे तर लिहून घ्या. परंतु न जुळणाऱ्या ओठांना शैली म्हणायला मी आजही तयार नाही, आणि समीक्षकांनी तो दोष स्पष्ट लिहायला हवा होता.

वाईकर :
त्यासोबत कोणाचे किती देणे राहिले, तेही लिहायला हवे होते.

मिरजकर :
ते निर्मात्याच्या हिशेबवहीत शोधा, परीक्षणात नव्हे. मंडळाला माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या महिन्यात हा चित्रपट पुन्हा दाखवावा आणि ऑपरेटरला आधी सांगून ठेवावे.