प्रतिनिधित्व की चित्रण? आणि 'अस्मिता'चं काय?

फोंड्याहून:
भाची पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी पेपर. 'रिप्रेझेंटेशन' आणि 'कलेक्टिव्ह आयडेंटिटी' असा अख्खा विभाग, आणि ती उत्तरं मराठीतून लिहिणार. टिपणांत एक वाक्य आहे: 'हिंदी सिनेमात गोव्यातल्या ख्रिस्ती बाईचं प्रतिनिधित्व चुकीचं होतं.' वाचून मी अडखळलो. ती म्हणते, "मामा, सगळे असंच लिहितात." लिहू दे का?

म्हापशाहून:
नको. इंग्रजीतला 'रिप्रेझेंटेशन' हा एक शब्द तीन कामं करतो, मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. विधानसभेत चाळीस आमदार करतात (म्हणजे त्यांनी करावं) ते प्रतिनिधित्व. रस्ता दुरुस्त करा म्हणून मामलेदाराला देतो ते निवेदन. पडद्यावर दिसतं ते चित्रण.

प्रतिनिधी म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. मीमांसेत, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, यज्ञातलं ठरलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या बदली चालतं त्यालाही प्रतिनिधीच म्हणतात. सोम नसेल तर पूतीक ही दुसरी वनस्पती. राजाराम महाराजांच्या काळातलं 'प्रतिनिधी' हे पदही त्याच अर्थाचं. तेव्हा भाचीला एक खूण सांगा: 'कोणाच्या वतीनं?' हा प्रश्न लागू पडला तर प्रतिनिधित्व, 'कशी दाखवली?' लागू पडला तर चित्रण. सिनेमातली ती फ्रॉकवाली, मोडकं हिंदी बोलणारी बाई कोणाच्या वतीनं आलेली नाही, तिला कुणीतरी तशी रंगवली आहे.

'प्रतिबिंब' मात्र चुकूनही लिहू नये. माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याचा सगळा वाद तिथेच आहे: माध्यम हा आरसा नव्हे, अर्थ तिथे घडवला जातो. 'चित्रण' म्हटलं की काढणारा हात आपोआप आलाच.

मडगावहून:
पुस्तकांत 'प्रतिरूपण' वाचलंय.

म्हापशाहून:
आहे, पण बोलताना कोण म्हणतं? शिवाय २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या हिंदी पाठात 'प्रतिरूपण' म्हणजे तोतयेगिरी. माझ्या कानाला तोच वास येतो.

डिचोलीहून:
पण 'प्रतिनिधित्व' सरसकट खोडू नका. २०११च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती सुमारे २५ टक्के, हिंदू सुमारे ६६. पर्यटनाच्या जाहिरातींत बहुतेकदा किनारा, चर्च आणि कार्निव्हल. गावातल्या बायकांचा धालो नाच नाही, सत्तरी तालुक्यातला शिगमोही (शिमगा) क्वचितच. कोणाला जागाच मिळाली नाही, हा मुद्दा प्रतिनिधित्वाचा. ज्यांना मिळाली त्यांना कसं दाखवलं, हा चित्रणाचा. गंमत अशी की चौकटीत सगळ्यात जास्त दिसणाऱ्याचंच चित्रण सगळ्यात साचेबंद असू शकतं. पेपरात हे दोन मुद्दे वेगळे मांडले की निम्मं उत्तर झालं.

फोंड्याहून:
आणि 'कलेक्टिव्ह आयडेंटिटी'ला 'सामूहिक अस्मिता' चालेल?

म्हापशाहून:
मी 'सामूहिक ओळख' लिहीन. अस्मिता म्हणजे 'अस्मि'पण, 'मी आहे'पण. पतंजलीनं तिला पाच क्लेशांत बसवलंय: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. आज मराठीत ती दुखावते, जागी होते, पेटते. ओळख पेटत नाही, फार तर विसरली जाते. उलट 'ओळख' शब्दाची अडचण ही की 'माझी त्यांची ओळख आहे' यातही तोच.

म्हणून दोन्ही ठेवायचे, जागा बघून. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घ्या. मतपत्रिकेवर उमेदवार नव्हता, दोन चिन्हं होती: महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आम्ही कोण, हा प्रश्न होता ओळखीचा. प्रचारात तापली ती अस्मिता. चिन्ह आणि समूह यांचं नातं समजवायला याहून जवळचं उदाहरण कुठे मिळणार?

मडगावहून:
आपल्याच नावांकडे बघा की. मराठी दैनिकांत 'गोमंतकीय', पुण्या-मुंबईच्या तोंडी 'गोवेकर', घरात 'गोंयकार'. आणि 'नीज (अस्सल) गोंयकार' म्हटलं की कोणीतरी 'भायलो', म्हणजे बाहेरचा, ठरलाच.

फोंड्याहून:
भाचीनं हे सगळं वाचलं. विचारते, मग 'घाटी' कशात मोडतं?

म्हापशाहून:
चित्रणात. ओळख माणूस स्वतः सांगतो. 'मी घाटी' असं सांगत इथे कोण येतं? खोडलेल्या वाक्याच्या जागी तिला लिहू दे: 'हिंदी सिनेमात गोव्यातल्या ख्रिस्ती बाईचं चित्रण साचेबंद होतं.' 'चुकीचं' हा शब्दही काढायला लावा. तो लिहिला की परीक्षक विचारणार, मग बरोबर कोणतं?