नव्या डायलिसिस केंद्रांना परवाना लवकर मिळावा यासाठी नेमकी कोणती मागणी करावी?

प्रश्न

आमची धर्मादाय संस्था नवे डायलिसिस केंद्र सुरू करण्याच्या तयारीत आहे. बांधकाम झाले, यंत्रे बसली, तंत्रज्ञ आणि परिचारिका कामावर रुजू झाल्या. मात्र परवान्याचा अर्ज प्रत्यक्ष तपासणीच्या टप्प्यावर येऊन थांबला आहे आणि तपासणी कधी होईल, हे कोणीही सांगत नाही. दरम्यान, ज्यांच्यासाठी हे केंद्र उभारले ते रुग्ण आठवड्यातून तीनदा दूरच्या, आधीच भरलेल्या केंद्रात जात आहेत. चार तासांचा उपचार आणि जाण्यायेण्याचा प्रवास अंगाला न झेपल्यामुळे काहींची डायलिसिसची एखादी पाळी, म्हणजे ठरलेल्या दिवसाचा उपचार, चुकते, आणि डायलिसिसची पाळी चुकणे म्हणजे काय, हे येथे सांगायला नको. ठरलेल्या मुदतीत तपासणी झाली नाही तर परवाना मिळाला असे मानले जावे, अशी तरतूद नियमांत करण्यासाठी निवेदन द्यावे असा आमचा विचार आहे. ही मागणी योग्य ठरेल का?

उत्तर (डायलिसिस तंत्रज्ञ)

आपली तळमळ मनापासून पटते, परंतु या मागणीला माझा विरोध आहे. त्याचे कारण पाणी.

डायलिसिसचा द्रव केंद्रातच शुद्ध केलेल्या पाण्यापासून बनतो. तो साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका पाळीत रुग्णाच्या रक्ताचा सुमारे १२० लिटर द्रवाशी संबंध येतो, आणि दोहोंच्या मध्ये डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या) पातळ पडद्यापलीकडे काहीही नसते. आपण पितो त्या पाण्यातील अनेक घटक आतडे अडवते आणि मूत्रपिंड बाहेर टाकते. या रुग्णाला त्यांपैकी एकही संरक्षण उपलब्ध नसते. नळाच्या पाण्यातील क्लोरामाइन हे जंतुनाशक कार्बनच्या टाकीत अडले नाही तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. ॲल्युमिनियम शरीरात साचत गेल्यास हाडे आणि मेंदू दोन्ही बिघडतात. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली एका केंद्रात शैवालाचे विष असलेले, अपुरे शुद्ध केलेले पाणी वापरले गेले आणि यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रुग्ण दगावले. यंत्रे चालू होती, कर्मचारी हजर होते, उपचारही नेहमीप्रमाणे चालले होते. धोका पाण्यात होता आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसणारा नव्हता.

म्हणून केवळ मुदत उलटली एवढ्या कारणावरून कोणीही न पाहिलेल्या शुद्धीकरण संयंत्रावर रुग्णाला जोडणे मला मान्य होणार नाही. हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णांसाठी वेगळे यंत्र आणि वेगळी जागा आहे का, तातडीच्या वेळी रुग्णाला कोणत्या रुग्णालयात हलवणार, हेही कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहायलाच हवे.

उत्तर (निवृत्त तपासणी अधिकारी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही विलंबाचा दोष तपासणीच्या काटेकोरपणावर टाकणे बरोबर नाही. प्रत्यक्ष तपासणीला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो वाट पाहण्यात. इमारत, अग्निसुरक्षा, जैववैद्यकीय कचरा, मनुष्यबळ आणि पाणी या पाच बाबी एकमेकींवर फारशा अवलंबून नसतानाही फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर क्रमानेच सरकते, आणि एका ठिकाणी त्रुटी निघाली की पुढची सगळी कामे थांबतात. त्रुटीही एकदम कळवल्या जात नाहीत. पहिली दूर केली की दुसरी कळवली जाते, आणि प्रत्येक वेळी अर्ज रांगेच्या शेवटी जातो.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. तपासणी करणारा चमू लहान असतो आणि तक्रार आलेल्या चालू केंद्राची तपासणी आधी करणे त्याला भागच असते. तेथे रुग्ण रोज उपचार घेत असल्यामुळे हा क्रम चुकीचाही नाही. मात्र त्यामुळे नव्या केंद्राची पहिली तपासणी सतत मागे पडते, आणि नवी केंद्रे सुरू न झाल्याने जुन्या केंद्रांवरचा भार वाढत राहतो, हे मात्र कोणत्याही फाइलीत नोंदले जात नाही.

माझ्या मते आपण तीन गोष्टी मागाव्यात: सर्व खात्यांची छाननी एकाच वेळी व्हावी, सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवाव्यात आणि अर्ज पूर्ण ठरल्याच्या दिवसापासून तपासणीची मुदत मोजली जावी.

उत्तर (आरोग्य कायद्यांची अभ्यासक)

या शेवटच्या मुद्द्याला प्रत्यक्षातले उदाहरण आहे. अमेरिकेत डायलिसिसचा मोठा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते, त्यामुळे तिची मान्यता मिळेपर्यंत नवे केंद्र तयार असूनही व्यवहारात चालवता येत नाही. राज्य यंत्रणांच्या कामाच्या क्रमात नव्या केंद्रांची पहिली तपासणी बरीच खाली होती. २०१८ साली तेथील कायद्यात दोन बदल झाले. पहिला, सरकारने मान्यता दिलेल्या स्वतंत्र मूल्यांकन संस्थांनाही ही तपासणी करता येईल; दुसरा, अर्ज पूर्ण ठरून केवळ तपासणी बाकी राहिली असेल तर ती ९० दिवसांच्या आत सुरू व्हावी. तपासणी वगळण्याची सोय त्यांनी केली नाही, तपासणाऱ्यांची संख्या वाढवण्याचा मार्ग खुला केला आणि यंत्रणेला मुदत घालून दिली. आपल्या निवेदनातही मुदतीचे बंधन अर्जदाराइतकेच खात्यावर असावे, असे मला वाटते.

केंद्राकडून शुल्क घेणारी संस्थाच त्या केंद्राची तपासणी करणार असेल, तर तिने तपासलेल्या काही केंद्रांची सरकारने स्वतः अचानक फेरतपासणी करण्याची तरतूदही आवर्जून मागावी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. परवाना मिळाला असे मानण्याची मागणी मी मागे घेतो. आणखी एक शंका आहे: पाण्याची चाचणी आधी करून घेतली आणि तिच्या अहवालावर मर्यादित काळासाठी तात्पुरता परवाना मागितला, तर ते सुरक्षित ठरेल का?

उत्तर (डायलिसिस तंत्रज्ञ)

एका अहवालावर नव्हे. शुद्धीकरण संयंत्र बसवल्यानंतर काही काळ सलग चालवून वेगवेगळ्या दिवशी नमुने घ्यावेत, आणि तेही केवळ टाकीजवळून न घेता यंत्रांना पाणी पोहोचवणाऱ्या नळीच्या शेवटच्या टोकाकडूनही घ्यावेत, कारण जंतूंचा थर बहुधा पाणी साचून राहते तेथेच धरतो. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार जिवाणूंचे प्रमाण प्रति मिलिलिटर १०० वसाहतींपेक्षा (प्रयोगशाळेत वाढणाऱ्या जिवाणूंच्या पुंजक्यांपेक्षा) आणि एंडोटॉक्सिनचे, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विषाचे, प्रमाण प्रति मिलिलिटर ०.२५ एककांपेक्षा कमी असायला हवे. जिवाणूंची वाढ तपासण्यासाठी सात दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून हे काम तपासणीची तारीख मिळण्याची वाट न पाहता आजच सुरू करावे. क्लोरामाइनची चाचणी मात्र जागेवरच काही मिनिटांत होते. ती प्रत्येक पाळीपूर्वी करून वहीत नोंदवण्याची सवय कर्मचाऱ्यांना आतापासूनच लावावी.

नमुने खात्याने नेमलेल्या प्रयोगशाळेच्या माणसाने घेतले असतील आणि एकदा प्रत्यक्ष पाहणी झालेली असेल, तर मोजक्या खाटा आणि प्रकृती स्थिर असलेले रुग्ण एवढ्यापुरता तात्पुरता परवाना देण्यास माझी हरकत नाही. ज्यांचा फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला रक्तमार्ग) अजून तयार व्हायचा आहे किंवा ज्यांचा रक्तदाब पाळीच्या मध्येच कोसळतो, त्यांना पूर्ण परवाना मिळेपर्यंत रुग्णालयाला जोडलेल्या केंद्रातच राहू द्यावे, आणि ही अट निवेदनात आपण स्वतःहून लिहावी.