‘आरसा-सममिती’ की ‘आरसाजोडी’? ‘वक्रमोजणी’ की ‘वक्रगणना’?

विचारणा: बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या छोट्या अभ्यासवर्गासाठी मी बैजिक भूमितीवर (समीकरणांतून मिळणाऱ्या आकृतींच्या भूमितीवर) मराठीत टिपण लिहीत आहे. ‘मिरर सिमेट्री’साठी ‘आरसा-सममिती’ लिहिले, तर मुलांनी लगेच फुलपाखराचे चित्र काढून मध्ये रेघ मारली. अवकाशातील वक्र किती, हे ठरवण्याला ‘वक्रमोजणी’ म्हणावे का, हीही शंका आहे.

प्रतिसाद: मुलांचे काही चुकले नाही. शालेय भूमितीतील सममिती एकाच आकृतीच्या दोन अर्धांत असते. येथे मात्र दोन निरनिराळे कालाबी-याउ अवकाश (एका खास प्रकारचे भौमितिक अवकाश) असतात आणि त्यांचे रूप मुळीच सारखे नसते. पाचव्या घाताच्या समीकरणाने मिळणाऱ्या त्रिमितीय अवकाशाचे दोन हॉज अंक (अवकाशाची घडण सांगणाऱ्या संख्या) १ आणि १०१ आहेत, तर त्याच्या जोडीदाराचे १०१ आणि १. आरसा आहे तो या अंकांच्या तक्त्यात. म्हणून मी ‘आरसाजोडी’ सुचवतो. ‘दर्पण’ मात्र नको. आपला ‘आरसा’ आणि शेजारच्या गुजराती घरातला ‘अरीसो’ हे दोन्ही संस्कृत ‘आदर्श’पासूनच आले आहेत, तेव्हा तत्सम शब्दाने भारदस्तपणा आणण्याचे कारण नाही.

‘मोजणी’ म्हटले की साखळी घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस दिसतो. शिवाय आपण पैसेही मोजतो आणि कापडही मोजतो; येथे वक्रांची लांबी नव्हे, संख्या हवी आहे. त्यामुळे ‘वक्रगणना’च योग्य. त्याच सर्वसाधारण पंचघाती अवकाशात २,८७५ सरळ रेषा आणि ६,०९,२५० शंकुच्छेद, म्हणजे दुसऱ्या घाताचे वक्र, आहेत. तिसऱ्या घाताच्या परिमेय वक्रांसाठी (एका चलाच्या परिमेय सूत्रांनी मांडता येणाऱ्या वक्रांसाठी) भौतिकशास्त्रज्ञ कँडेलास आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली जोडीदार अवकाशावरून ३१,७२,०६,३७५ ही संख्या काढली. (‘घात’ऐवजी ‘कोटी’ हा पाठ्यपुस्तकी शब्द घेतला असता, तर ‘तिसऱ्या कोटीचे एकतीस कोटी वक्र’ असे लिहावे लागले असते.) एलिंग्सरूड आणि स्ट्रॉमे या गणितज्ञांचे उत्तर आधी २,६८,२५,४९,४२५ आले होते, पुढे त्यांच्याच संगणक-आज्ञावलीत चूक सापडली आणि कँडेलास यांची संख्या खरी ठरली.

दुसरा प्रतिसाद: ‘सममिती’ अगदीच टाकू नये. दोन्ही अवकाशांतून तंतुसिद्धांताचे (मूलकणांना सूक्ष्म तंतू मानणाऱ्या ‘स्ट्रिंग थिअरी’चे) भौतिकशास्त्र एकच निघते. त्या अर्थी तो शब्द सार्थ आहे. जोडीला ‘आरसाजोडी’ आणि तत्त्वाला ‘आरसा-सममिती’ असे दोन्ही ठेवावेत.

‘गणना’बद्दलही एक अडचण आहे. ग्रोमोव्ह-विटन या वक्र मोजण्याच्या आधुनिक पद्धतीत सरळ रेषेवर दोनदा गुंडाळलेला वक्रही दुसऱ्या घाताचा धरतात आणि अशी प्रत्येक रेषा १/८ची भर घालते. २,८७५ रेषांची भर ३५९ पूर्णांक ३/८ होते आणि शंकुच्छेदांचा अंक ६,०९,६०९ पूर्णांक ३/८ वर जातो. तीन-अष्टमांश वक्राची गणना कोणी करत नाही.

विचारणाकर्ता: मान्य आहे. पूर्णांक असेल तेथे ‘वक्रगणना’ लिहीन. अपूर्णांक येईल तेथे नुसते ‘ग्रोमोव्ह-विटन अंक’.