एमबीएच्या अर्जाआधी कॅम्पस बघून यावा का?

जुई_जाई: पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत अर्ज करायचे आहेत. अमेरिकेतली हार्वर्ड, टक आणि डार्डन ही बिझनेस स्कूल्स नक्की. जाऊन बघायचं तर खर्च बराच होतो. प्रत्यक्ष गेल्याने खरंच काही वेगळं कळतं, की ऑनलाइन सत्रांवर भागेल?

टिवल्याबावल्या: आपण येऊन गेलो हे प्रवेश समितीला दिसावं म्हणून जाणार असाल, तर पैसे वाचवा. त्याने सहसा काही फरक पडत नाही.

निवांत: वरच्यांशी सहमत, पण बघायला जरूर जा. फक्त वर्ग भरलेले असताना. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात असते आणि उन्हाळ्यात कॅम्पस ओस पडलेला असतो. इमारती बघून काय करणार? मार्च-एप्रिल गाठा. वर्गात बसायला आधी नोंदणी लागते, आणि प्रत्येक आठवड्यात ती सोय असतेच असं नाही.

हार्वर्ड आणि डार्डन दोन्हीकडे शिकवणं केस पद्धतीचं, म्हणजे एखाद्या कंपनीचा प्रसंग आधी वाचून यायचा आणि वर्गात त्यावर चर्चा. हार्वर्डच्या एका सेक्शनमध्ये साधारण ९० जण, प्रत्येकापुढे नावाची पाटी, आणि प्राध्यापक हात वर नसलेल्यालाही बोलायला लावतात. तुम्ही प्राध्यापकांकडे बघू नका, मागच्या रांगांकडे बघा. आधीच्याचा मुद्दा धरून पुढे नेणारे किती आणि नुसती आपली पाळी यायची वाट बघणारे किती, ते पंधरा मिनिटांत कळतं. वर्गात बोलण्याला गुण असतात, त्यामुळे गप्प बसायची सवय असेल तर हे आधीच बघितलेलं बरं.

टकचं गणित वेगळं. ते आहे ते हॅनोव्हर लहानसं गाव, एका बॅचला तीनशेच्या आतबाहेर मुलं. वर्गात तेच चेहरे, जेवायला तेच. कुणाला हे घरच्यासारखं वाटतं, कुणाचा जीव गुदमरतो. (माझा गुदमरला असता.)

आणि कॅम्पस फिरवणाऱ्या उत्साही मुलांवर थांबू नका, त्यांना तेच काम दिलेलं असतं. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाचं कुणी गाठा आणि विचारा, ‘इंटर्नशिप करिअर ऑफिसने मिळवून दिली की तुझी तू शोधलीस?’ कॉलेजच्या रोजगार अहवालात किती जणांना नोकरी लागली त्याचे टक्के सापडतात, हे सापडत नाही.

चिंगी: मी उलट सांगेन. आधी अर्ज करा, प्रवेश मिळाल्यावर जा. नव्यांसाठी खास कार्यक्रम असतो, भावी वर्गमित्रही भेटतात.

निवांत: चिंगी, तेव्हा सगळे तुम्हाला पटवायच्याच मागे असतात. शिवाय कुठे अर्ज करायचा हा प्रश्न तोवर संपलेला असतो.

जुई_जाई: तिन्ही कॅम्पस एकाच प्रवासात बघून होतील?

टिवल्याबावल्या: हार्वर्डच्या बॉस्टनहून टकच्या हॅनोव्हरला गाडीने दोन-अडीच तास, ती जोडी सहज जमेल. डार्डन व्हर्जिनियात, त्यासाठी वेगळा प्रवास. तिथल्या माजी विद्यार्थ्यांशी आधी फोनवर बोला, मग तिकीट काढा.